गाडी पाणी खात नसते : कुंभार्ली घाट चढणाऱ्यांना कळकळीचं आवाहन

मे संपत आला की दिवसातून दहा वेळा एकच वाक्य कानावर येतं. "मिस्त्री, जरा पाणी द्या हो, गाडी पाणी खायला लागलीय." माझं गॅरेज कुंभार्ली घाटाच्या चिपळूणकडच्या पायथ्याला. डिकीत आंब्याच्या पेट्या, टपावर दोन फणस, आत सहा माणसं आणि एसी फुल्ल. चिपळूण ते पोफळी गाडी कुरकुर न करता येते. पुढे चढ लागतो, ट्रकच्या मागे पहिल्या गिअरात रांग लागते आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागते. मग कुणाच्या तरी उतरत्या गाडीतून माणूस खाली माझ्याकडे येतो, हातात रिकामी बाटली घेऊन.

पाणी मी देतो, त्याला नाही म्हणत नाही. पण गाडी पाणी खात नसते. पेट्रोल जळतं, ब्रेकची पॅड झिजतात, टायर घासतो. इंजिन थंड ठेवणारं पाणी मात्र बंद वाटेनं फिरत असतं. पंप ते इंजिनात ढकलतो, तिथून तापून ते रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्यानं निवतं आणि परत आत जातं. वर्षभरात बोटभर उतरलं तर मी काही म्हणणार नाही. पण पंधरवड्याला बाटलीभर ओतावं लागत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतंय. शाळा उघडायच्या आत सगळा मुलूख पुण्या-साताऱ्याकडे, मुंबईकडे परत निघेल. त्याआधी, याच आठवड्यात, आपल्या गाडीचं पाणी जातंय कुठे ते शोधा. हे आवाहन एवढ्यासाठीच आहे.

त्याआधी एक गोष्ट, कारण तिच्यात माणूस भाजतो. गरम गाडीच्या रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका. फडकं धरून नाही, "थोडंसंच सैल करतो" म्हणूनही नाही. ते साधं बूच नव्हे. कुकरच्या शिट्टीसारखी त्यात स्प्रिंग असते आणि ती आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे आतलं पाणी 100 अंशांवर उकळत नाही, 120च्या आसपास पोचेपर्यंत तग धरतं. कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं वर. तुम्ही झाकण फिरवलं की दाब गेला, आणि 110-115 अंशांचं ते सगळं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. मागच्या वर्षी मदतीला धावलेल्या एका पोराचा हात कोपरापर्यंत सोलून निघालेला मी पाहिलाय, गाडी त्याची नव्हतीसुद्धा. भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

इंजिन बंद करून पाऊण तास ते तासभर थांबायचं. मग जाड फडकं धरून रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून बघायचा. टणक लागला तर आत अजून दाब आहे, आणखी थांबा. तोवर पंख्याजवळ हात नेऊ नका. चावी काढलेली असली तरी बऱ्याच गाड्यांचा पंखा आपसूक फिरायला लागतो.

दुसरी फसगत काट्याची. एक गृहस्थ मोठ्या खुशीत सांगत होते, "काटा लालपर्यंत गेला होता, मग आपोआप खाली आला, म्हणून पुढे दामटली." काटा आपोआप उतरला नव्हता. पाणीच संपलं होतं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी गेलं की तो नुसत्या हवेत-वाफेत राहतो आणि काहीही सांगतो. त्यांचं हेड वाकलं, गास्केट उडालं, इंजिन उतरवावं लागलं. घाटात चढता चढता काटा एकदम खाली पडला तर तो वर जाण्याइतकाच वाईट समजा. आजच्या बऱ्याच लहान गाड्यांत तर काटाच नसतो. थंड इंजिनाला निळा दिवा आणि तापल्यावर लाल, मधलं काही नाही. लाल दिवा लागेपर्यंत बरंच होऊन गेलेलं असतं. अशा गाडीवाल्यांनी दुसऱ्या खुणांवर लक्ष ठेवावं. एसी अचानक गार हवा द्यायचा थांबतो, कारण तापलेलं इंजिन काही गाड्यांत कॉम्प्रेसर स्वतःच बंद करतं. किंवा हीटर लावला तरी थंड हवा येते, म्हणजे त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचतच नाही.

आता शोधायचं कसं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर हिरवा, गुलाबी किंवा गंजकट डाग दिसला तर वर कुठे गळतंय ते तिथेच कळतं. एसीचं पाणीही गाडीखाली पडतं, त्याला घाबरू नका, ते स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. कूलंटचा थेंब बोटाला बुळबुळीत लागतो. जुने मिस्त्री जिभेला लावून ओळखायचे, तुम्ही चुकूनही तसं करू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विष आहे, आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. काढलेलं कूलंट अंगणात, गटारात ओतू नका, उघड्या डब्यात ठेवू नका.

पुठ्ठा कोरडा निघाला तरी सुटलो असं नाही. पुढच्या डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं लागतंय, काचेवर आतून तेलकट धुकं धरतंय, गोडसर वास येतोय, तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर फुटलाय. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं, मागोमाग बेअरिंगही घुमायला लागतं. सकाळी थंड गाडीत वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर झाकणातला दुसरा छोटा व्हॉल्व्ह चिकटलाय, निवताना टाकीतलं पाणी परत ओढून घेता येत नाहीये. झाकण बदलणं हे या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत स्वस्त काम, आणि तेच सगळ्यांत शेवटी होतं.

बाहेर कुठेच ओल नाही आणि पाणी मात्र उतरतंय, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हा ते आत जातंय. पूर्ण थंड गाडीचं झाकण काढून इंजिन चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण ते थांबतच नसतील, किंवा झाकण लावून थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरात होज पाइप दगडासारखा होत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. हेड गास्केट गेलं. सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा, गोड वासाचा धूर येत राहतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई साचते. पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीतही तिथे थोडी मलई धरते, ती नुसती दमट हवेची. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं झालं असेल तर गाडी तिथेच उभी करा.

पाणी पुरेसं असूनही गाडी तापते, तेव्हा तापते कुठे हा प्रश्न विचारा. उत्तर बहुतेक वेळा त्यातच असतं. ट्रॅफिकमध्ये किंवा टोलनाक्याच्या रांगेत तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की निवते, म्हणजे पंखा. चालत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. एसी चालू करून बघा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरतो. एसीवर फिरतो पण गाडी तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर किंवा रिले बघा. दोन्हीवर हलत नाही, तर फ्यूज, वायर, मोटर. उलट सपाटीवर ठीक आणि वेगात किंवा चढाला तापते, तर पाणी किंवा वारा पुरेसा जात नाही : रेडिएटर चोक, पंप कमजोर, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, नाहीतर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये किडे, चिखल, पाचट अडकलंय. पुढे लावलेले जादा लाइट आणि लोखंडी गार्डही वारा अडवतात. इंजिन तापलेलं असताना वरचा होज चटका देतोय आणि खालचा जवळजवळ गार, तर पाणी फिरतच नाही. बहुधा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय.

इथे माझ्या धंद्यातल्या भावांना दोन शब्द. गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायची आपली सवय सोडा. त्या डबीतलं मेण साधारण 82 ते 90 अंशांदरम्यान वितळून झडप उघडतं. झडपच काढली तर इंजिन सपाटीवर लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त पितं. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडीच राहते, पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि चढाला गाडी आणखीच तापते. शिवाय गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून प्रेशर टेस्ट करा, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्या, काटा उतरतो का बघा. गिऱ्हाइकांनीही ही टेस्ट मागून घ्या.

सीएनजीवाल्यांनी जास्त जपावं. गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याच्यातून इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. बाहेरून किट बसवताना त्यासाठी होज पाइप कापून टी-जोड टाकतात. म्हणजे जितके क्लॅम्प वाढले तितक्या गळायच्या जागा वाढल्या. पाणी उतरलं की सगळ्यांत आधी तिथे टॉर्च मारा.

आणि बोअरिंगचं पाणी नको. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत केटलीतल्या पुटासारखा बसतो. कंपनीनं सांगितलेलं कूलंट घ्या, पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड. रंग जुळला म्हणून दोन जातींचं एकत्र करू नका, रंगावरून जात कळत नाही. घाटात अडल्यावर पऱ्ह्याचं पाणी ओतलंत तर हरकत नाही, जीव वाचवायला तेवढं चालतं, पण इंजिन निवल्यावर, हळूहळू. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर ते तडकतं. घरी पोचल्यावर सगळं काढून धुऊन घ्या.

काटा मध्याच्या वर सरकायला लागला की एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर. उकाड्यात हीटर म्हटलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात, पण तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची उष्णता तो तुमच्या पायांवर टाकतो. एवढ्यानं जागेवर आला नाही किंवा लाल झाला, तर पुढचं वळण बघू म्हणू नका. पहिल्या रुंद जागी कडेला घ्या, हझार्ड लावा, इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका. माणसं गाडीतून उतरवून रस्त्याच्या आतल्या बाजूला उभी करा. मदतीला 112, राष्ट्रीय महामार्गावर 1033. चाकाला दगड लावलात तर निघताना तो उचलून बाजूला टाका. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसत नाही.

आज संध्याकाळपर्यंत एकच काम करा. गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीवर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. निघायच्या सकाळी पुन्हा बघा. रेघेच्या खाली गेलं असेल तर आंब्याच्या पेट्या भरण्याआधी गाडी गावातल्या गॅरेजवर न्या, एक दिवस उशिरा निघा.

तरीही घाटात अडलात तर खाली या, माझा ड्रम भरलेला आहे. बाटली भरून देताना मी विचारणार, शेवटचं पाणी कधी टाकलं होतं? तेव्हा टाकीवरची तारीख वाचून सांगा.