एक कडेवर, एक बोटाला

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जाऊ लागला की घरोघरी एक प्रश्न वर येतो. सुट्टीत मुलांना न्यायचे कुठे? ज्यांची मुले शाळेत जातात, त्यांच्यापाशी या प्रश्नाला दहा उत्तरे असतात. पण ज्या घरात एक मूल कडेवर आणि एक बोटाला आहे, तिथे वडीलधारी मंडळी प्रश्न निघण्यापूर्वीच उत्तर देऊन मोकळी होतात : "एवढी दोन वर्षं जाऊ द्या. मग जा कुठं जायचं ते."

हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हिशेबाबद्दल. थोरल्यासाठी दोन वर्षे घरी बसावे, तोवर धाकट्याची चाहूल लागते. मग त्याची दोन. मधले महिने धरले तर बेरीज पाचावर जाते. या पाच वर्षांत त्या घरातली आई जाते कुठे? लस टोचायला दवाखान्यात आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर. बाळाचे वजन दर महिन्याला होते. आईचे जग किती आकसले ते तोलणारा काटा मात्र अजून कोणी काढलेला नाही.

आमचे चिरंजीव तीन वर्षांचे आणि छकुली आठ महिन्यांची होती, तेव्हा पुण्याच्या वन्संचा निरोप आला, "इकडे या, आपण मुलांना घेऊन खोपोलीला जाऊ." खोपोलीजवळ 2013 साली इमॅजिका नावाची मोठी मनोरंजननगरी सुरू झाली. त्याआधी 1989 साली मुंबईच्या गोराईला एस्सेल वर्ल्ड निघाले होते, आणि त्याच्या जाहिराती पाहत आमची पिढी वाढली. तेव्हा मोह होता, नाही असे नाही. पण नांदेडहून एक रात्र प्रवासात जाणार, आणि पोचल्यावर काय, हा विचार 'ह्यां'नी बारकाईने केला. अशा बागांतून पाळण्यात बसायचे की नाही ते वयावर नव्हे, उंचीवर ठरते. ठरलेल्या रेघेपर्यंत डोके पोचले तर आत, नाही तर बाहेर. नियम योग्यच आहे. वेगाच्या पाळण्यात लहान अंगाला पट्टा नीट बसत नाही, आणि आठ महिन्यांच्या मानेला तसला हिसका सोसणारही नाही. पण याचा अर्थ असा, की मोठ्यांनी पाळण्यात बसायचे, चिरंजीवांनी रेघेखाली उभे राहून भोकाड पसरायचे, आणि मी छकुलीला मांडीवर घेऊन बाकावर बसायचे.

या बाकाची एक गंमत आहे. वॉल्ट डिस्ने हे गृहस्थ लॉस एंजलीसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या दोन मुलींना लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसवायला नेत. मुली गोल गोल फिरत आणि हे बाकावर बसून राहत. आईबाप आणि मुले यांना बरोबरीने मजा करता येईल अशी एखादी जागा का असू नये, हा विचार तिथे बसल्या बसल्या सुचला, असे ते सांगत. त्यातून 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडले, आणि पुढे जगभर तसल्या बागा झाल्या. परदेशातल्या काही मोठ्या बागांत आता अशीही सोय आहे, की बाप पाळण्यात बसून येईपर्यंत आईने बाळ सांभाळावे आणि मग पुन्हा रांग न लावता आईने बसून यावे. सोय चांगलीच आहे. पण ज्या बाकाचा कंटाळा येऊन एवढा पसारा उभा राहिला, तो बाक काही तान्ह्या बाळाच्या आईला सुटला नाही!

वन्संना "पुढच्या खेपेला" असे कळवले. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, लातूरला जायचंच आहे ना? मग वाटेत माळेगावला उतरू की."

लातूरला जायचे होते ते वेळ अमावास्येसाठी. माझे माहेर लातूरजवळचे. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला, आमच्या भाषेत येळवशीला, तिकडचे एकूण एक घर शेतावर जाते. आणि तिच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते. 2024 साली ही चतुर्दशी 29 डिसेंबरला आली होती. गाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे. तेव्हा सासरहून माहेरी जाताना मल्हारी आडवा येतो, त्याला ओलांडून कसे जायचे, हा सासूबाईंचा मुद्दा बिनतोड होता.

तयारी दोन पिढ्यांच्या पद्धतीने झाली. 'ह्यां'नी चिरंजीवांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालून वर पिन लावली. सासूबाईंनी त्यांच्या पायांत घुंगरांचे वाळे घातले. जत्रेच्या गलक्यात वाळे ऐकू येणार नव्हते, आणि चिरंजीव चिठ्ठीचे विमान करणार हे उघड होते. पण एकाला चिठ्ठीचा भरवसा, दुसरीला वाळ्यांचा, म्हणून दोन्ही ठेवले. मी उकळून गार केलेले पाणी, भाताची पेज आणि जुन्या लुगड्याची एक मऊ चौघडी घेतली. ही चौघडी अंथरूण, पांघरूण, आडोसा आणि झोळी अशा चारही नोकऱ्या एका पगारात करते.

सकाळीच पोचलो. माळेगावची यात्रा म्हणजे जनावरांचा मोठा बाजार. घोडे, गाढवे, खेचरे, उंट, बैल, कुत्री, सगळे तिथे येते. खंडोबा स्वतः घोड्यावर बसणारा आणि कुत्रे बरोबर बाळगणारा देव, त्यामुळे त्याच्या दारी या मंडळींचा मान पहिला. एका ओळीत गडद तांबड्या रंगाचे लाल कंधारी बैल होते आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्यावर काळे ठिपके असलेले देवणी. कंधार नांदेड जिल्ह्यातले आणि देवणी लातूर जिल्ह्यातले. 'हे' म्हणाले, "बघ, तुझं सासर-माहेर एका दावणीला बांधलंय." मी म्हटले, "रवंथ दोन्हीकडचे सारखेच करतात."

चिरंजीवांना मात्र बैल नको, घोडे नकोत आणि उंट तर मुळीच नको. ते एका गाढवाच्या शिंगरापुढे उभे राहिले. शिंगरू त्यांच्याकडे बघते, हे शिंगराकडे बघतात. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मनोरंजननगरीत तिकिटाचे पैसे दिलेले असतात, म्हणून माणूस मुलाला ओढून पुढच्या पाळण्याकडे नेतो. इथे तिकीटच नव्हते, तेव्हा घाईही नव्हती. शेवटी गाढवाचा मालक पुढे आला आणि अगदी गंभीरपणे चिरंजीवांनाच म्हणाला, "काय मालक, घ्यायचंय का? दात बघून घ्या." चिरंजीवांनी वडिलांकडे पाहिले, "हे आपल्या गच्चीवर राहील?" 'हे' म्हणाले, "राहील, पण ते जिना चढत नाही." व्यवहार मोडला तो एवढ्याच कारणावरून.

पुढे पाळण्यांची गल्ली होती. विजेवर फिरणारा उंच आकाशपाळणा होता. मोटारसायकली लाकडी विहिरीच्या भिंतीवरून फिरवण्याचा खेळ होता. त्याच्या आवाजाने छकुली दचकली, म्हणून कानांवर पदर धरून आम्ही लांबूनच वळलो. तान्ह्या कानांना तो आवाज खरोखरच घातक असतो. पण गल्लीच्या टोकाला लाकडी रहाटपाळणा दिसला. चार पेट्यांचा, हाताने फिरवायचा. ही युक्ती फार जुनी. पिएत्रो देला व्हाले नावाच्या इटालियन प्रवाशाने 1615 साली कॉन्स्टँटिनोपलला रमजानच्या उत्सवात असल्याच मोठ्या चाकात बसून मौज केली आणि ती लिहूनही ठेवली. हाच गृहस्थ पुढे आपल्या गोव्यापर्यंत येऊन गेला. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअराने त्याच चाकाचे 264 फूट उंचीचे यंत्र केले, त्याला 36 डबे होते. तेव्हापासून चाके वाढतच चालली आहेत.

पण आमच्या रहाटपाळण्याला एक सोय होती, ती शिकागोच्या चाकाला नव्हती. फिरवणारा बाबा प्रत्येक पेटी खाली येताना आतल्या मुलाचा चेहरा बघत होता. मूल हसले की एक झोका जास्त. ओठ मुडपला की वेग कमी. चिरंजीव सासूबाईंच्या मांडीवर बसले होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी ओठ काढला मात्र, बाबाने हाताने पेटी अडवली आणि म्हणाला, "बास झालं राजाला. लेकरू भ्यालं की खेळ सरला." रेघ तिथेही होती, पण ती त्या माणसाच्या नजरेत होती.

ऊन चढले तशी छकुली भुकेने रडू लागली. आता बसायचे कुठे, म्हणून मी इकडेतिकडे पाहते आहे, तोच घोंगड्या विकणाऱ्या एका पालातून म्हातारीने हाक मारली, "ये की व माय, आत बस. लेकराला ऊन लागायलंय." ना ओळख, ना पाळख. तिने दोन घोंगड्या बाजूला सारल्या, मला आत घेतले आणि स्वतः दारात पाठ करून बसली. गिऱ्हाईक आले तर "थांब जरा, लेकरू पिऊ दे," म्हणून त्याला बाहेरच थोपवी. छकुली झोपली तशी तिने पालाच्या दोन मेढींना माझी चौघडी बांधून झोळी केली, आणि मला म्हणाली, "जा, तू बघून ये जत्रा. मी बसते की इथं." मी गेले नाही, दारातच तिच्याजवळ बसले. सासूबाई बसल्या, मग आणखी एक लेकुरवाळी आली. समोरून वाघ्या-मुरळी गात गेले, भंडारा उधळला गेला आणि आम्ही सगळ्या पिवळ्या झालो. पाच वर्षांत पहिल्यांदा मला कोणी बाजूला बसवले नव्हते. बसले होते ती जत्रेच्या मधोमध.

तेव्हा मनाशी पक्के झाले. बागा मुलांसाठी असतात, जत्रा मुलांसकट असते. 'साठी' म्हटले की कोण बसेल, कोण बसणार नाही, याच्या रेघा आल्या. 'सकट' म्हटले की म्हातारी, तान्हे, गाढव, सगळे एकाच आवारात येते.

जत्रेत सगळे चांगलेच असते असे मात्र कोणी समजू नये. 2005 च्या जानेवारीत सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक गेले, त्यांत आया होत्या आणि मुलेही होती. म्हणून ऐन पालखीच्या गर्दीत आम्ही शिरलो नाही. सासूबाईंनी दुरून कळसाला हात जोडले आणि म्हणाल्या, "देवाला लांबचं दिसतं." लेकुरवाळ्या बाईने जत्रेला सकाळी जावे, उन्हे कलण्यापूर्वी निघावे, बाळाला उघड्यावरचे पाणी देऊ नये आणि मोठ्या पाळण्यांचे नाव काढू नये. आणि यात्रा भरवणाऱ्यांना एक विनंती. राज्यात एस.टी.च्या स्थानकांवर हिरकणी कक्ष निघाले. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचे ते नाव. जनावरांना मांडव, पहिलवानांना आखाडा, लावणीला मंच, तसा प्रत्येक जत्रेत लेकुरवाळ्यांचाही एक मांडव असावा. प्रत्येकीला घोंगडीवाली म्हातारी भेटेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी वेळ अमावास्या. लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट आणि शिवारात माणसांची दाटी. कडब्याची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पांडव, भज्जी, उंडे, खीर आणि मडक्यातले आंबील. चिरंजीवांनी भज्जी कमी खाल्ली, अंगाला जास्त लावली. दुपारी माझ्या भावाने लिंबाच्या फांदीला कासरा बांधून झोका केला. आधी चिरंजीव बसले, मग सासूबाई बसल्या, मग छकुलीला पोटाशी धरून मी बसले. माझ्या वडिलांनी हळूच एक झोका दिला. उंची कोणी मोजली नाही.

तेव्हा बायांनो, "दोन वर्षं जाऊ द्या" असे कोणी म्हणाले तर त्यांना प्रेमाने आंबील पाजा, आणि चौघडी घेऊन निघा. मुले लहान आहेत म्हणून आपण थांबतो, पण मुले काही लहानपणी थांबत नाहीत. झोळीत झोपलेली आमची छकुली आता वाळे वाजवीत घरभर धावते, आणि चिरंजीव येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, गाढवाला जिना चढायला कोण शिकवील?