पोथी बदलली, प्रामाण्य तेच



गेल्या महिन्यात एका रविवारी मी घरच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एआय सहायकाला वेबशोधाची जोड दिली. शोधसेवेकडून एक की घेतली, चाळीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि काम झाले. मॉडेल थोडे जुने आहे. म्हणून पहिला प्रश्न मुद्दाम विचारला तो डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटल्याचा. जोडणीपूर्वी उत्तर होते, 'खटला चालू आहे.' साहजिकच आहे. त्याचे शिक्षण जिथे संपले तिथे त्याचे जग थांबले. जोडणीनंतर उत्तर आले की १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. खाली बातम्यांचे दुवेही होते. मी खूश झालो.

माझी मावशी रत्नागिरी जिल्ह्यात एकटी राहते. पावसाळ्यात तिच्या आवारात फुरसे निघते. हे साधन तिच्या फोनवर द्यावे असा विचार होता, म्हणून मराठीत विचारले, 'साप चावला तर लगेच काय करावे?' जोडणीपूर्वी याचे उत्तर बरोबर येत होते: माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात ताबडतोब न्या. जोडणीनंतर मात्र सांगितले गेले की दंशाच्या वर दोरी करकचून आवळा, चीर देऊन रक्त वाहू द्या, अमुक मुळी उगाळून लावा. याही उत्तराखाली तीन दुवे होते! उघडून पाहिले. त्यातले एक पान ती मुळी विकणाऱ्याचेच होते. हाच प्रश्न इंग्रजीत विचारला तेव्हा उत्तर चोख आले.

असे का व्हावे? सहायक प्रश्नावरून शोधशब्द बनवतो. शोधसेवा त्याला काही पानांची शीर्षके, उतारे आणि पत्ते देते. तो ते वाचून उत्तर रचतो. आलेल्या उताऱ्यांवर तो सहसा स्वतःच्या माहितीपेक्षा जास्त विश्वास ठेवतो, कारण ताजी माहिती मिळावी म्हणूनच तर ही जोडणी असते. इंग्रजीत त्याच्यापुढे आरोग्यसंस्थांची पाने येतात. मराठीत माझ्यापुढे आली ती 'रामबाण उपाय'वाली.

महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सापाविंचवाच्या दंशावर वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी दाभोलकरांनी आयुष्याची अनेक वर्षे दिली. आता भगताची जागा विनम्र भाषेत बोलणारे यंत्र घेणार असेल, तर तिथे कोणते कलम लावायचे?

काही मित्र म्हणतील, मग शोध बंद ठेव. पण बंद ठेवला तर खटल्याचे उत्तर चुकते. दोष जोडणीचा नाही. 'नेटवर आहे, दुवा दिलाय, म्हणजे खरे' या आपल्या सवयीचा आहे. 'पोथीत लिहिलंय' म्हणणाऱ्यांशी आगरकर १८८८ पासून 'सुधारका'तून भांडले, ते याच सवयीशी. दुवा हा पुरावा नव्हे. तो पुराव्याकडे जाण्याचा रस्ता आहे, आणि चालायचे आपल्यालाच आहे.

मी दोन गोष्टी केल्या. आरोग्याच्या प्रश्नांना शोध फक्त ठराविक, तपासलेल्या संस्थांच्या पानांपुरता मर्यादित केला. आणि मावशीला फोनवरून तिच्या जवळच्या, सर्पदंशावरील प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायला लावला. 'एवढंच ना, मग त्या यंत्राचं काय काम?' असे तिने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

तिसरी गोष्ट एकट्याने होणारी नाही. आपल्या चळवळींचे कितीतरी चांगले मराठी लेखन स्कॅन केलेल्या पानांत किंवा जुन्या डीटीपी फॉन्टांत अडकले आहे. ते डोळ्यांना दिसते, पण शोधयंत्राच्या हाती बहुधा लागत नाही. मुळी विकणाऱ्याने मात्र युनिकोड कधीच शिकून घेतला! आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी एखादी विज्ञानाची, आरोग्याची पुस्तिका असेल. लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी घेऊन महिन्याला दहा पाने टाइप करायची, तज्ज्ञाकडून तपासून घ्यायची आणि सर्वांसाठी खुली ठेवायची. मी सर्पदंशापासून सुरुवात करतो आहे.

तुम्ही कोणती पाने घेता, जरूर कळवा.