आधी कान, मग पाना

मोटारसायकल दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागिरांची संख्या मोठी आहे. एखाद्या उस्तादाच्या हाताखाली पार्ट धुण्यापासून सुरुवात करून पुढे स्वतःचे गॅरेज उभे करणारे तरुण जवळपास प्रत्येक शहरात दिसतात. या धंद्यात आता एका कामाची भर पडली आहे. गिऱ्हाईक चांगली चालणारी गाडी घेऊन येते आणि ती आणखी जोरात पळावी म्हणून मोठा ब्लॉक-पिस्टन, वेगळा कॅम, मोकळा सायलेन्सर किंवा कापडी एअर फिल्टर लावून मागते. या कामात पैसा आहे. पण गॅरेजचे नाव खराब होण्याचा धोकाही याच कामात जास्त आहे. पार्ट लावल्यावर आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत येते आणि म्हणते, "उस्ताद, इंजिन आवाज करतंय."

या एका वाक्यानंतर आपण काय करतो, यावर आपल्या धंद्याची अब्रू ठरते. माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्यापैकी बरेच जण इथे चुकतात. आपण ऐकण्याआधी इंजिन उघडतो.

स्वतःच्या चुकीपासून सुरुवात

दुसऱ्याला बोल लावण्याआधी स्वतःची चूक सांगतो. माझ्याकडे जुन्या लोखंडी ब्लॉकची ३५० सीसी बुलेट आली होती. आम्ही तिला मोकळा सायलेन्सर आणि कापडी फिल्टर बसवला. काही दिवसांनी इंजिनाच्या वरच्या बाजूने टकटक येऊ लागली. माझ्या शागिर्दाने ऐकताक्षणी "टॅपेट" म्हटले, आणि मीही मान डोलावली. टॅपेट कसले. आवाज राहिला. पुन्हा कसले. आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटला आणि गाडी दिली.

महिन्याभरात गाडी ओढेनाशी झाली. हेड काढले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला. टॅपेट जास्त कसले की व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. या जुन्या बुलेटला इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, हा साधा नियम आम्ही आवाजाच्या नादात मोडला होता. आणि मूळ आवाज कुठला होता? बेंड पाइप हेडला जिथे बसतो त्या जोडाभोवती काळ्या काजळीची रेघ होती. जोड गळत होता. हेडचे सगळे काम मला पदरच्या पैशाने करून द्यावे लागले.

कान का फसतो

ही चूक अनेकांकडून होते, कारण त्यामागे कारण आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदा उघडतो. त्यामुळे ढिल्या टॅपेटची टकटक आणि गळक्या जोडातून सुटणाऱ्या गॅसची टकटक, दोन्ही एकाच तालात येतात. नुसत्या तालावरून फरक कळत नाही. तो तपासूनच काढावा लागतो.

तपास सोपा आहे. जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभर अर्धवट दाबावे. जोड गळत असेल तर टकटक वाढते. टॅपेटच्या आवाजात फरक पडत नाही. थंड इंजिन सुरू करून लगेच जोडावर साबणाचे पाणी टाकावे, बुडबुडे दिसतील. या दोन गोष्टींना पाच मिनिटेही लागत नाहीत. माझे त्या हेडच्या कामात तीन दिवस गेले.

बाहेरून आत

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, जे शेवटी बसवले त्यावर आधी संशय घ्यावा आणि तपास नेहमी बाहेरून आत न्यावा. सायलेन्सर चेसीला घासतो का, इंजिनाचे माउंटिंग बोल्ट सैल आहेत का, चेन स्प्रॉकेटवर सरळ बसली आहे का, एखादे कव्हर थरथरते का, हे आधी पाहावे. मग इंजिन ऑइलची पातळी पाहावी. त्यानंतर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हेडवर, ब्लॉकवर, क्रँककेसवर टेकवून मूठ कानाशी धरावी आणि आवाज कुठे सर्वांत स्पष्ट येतो ते ठरवावे. हे करताना हात आणि बाही फिरत्या चेनपासून दूर ठेवावी.

त्यानंतर प्रश्न विचारावेत. आवाज थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर? रिकाम्या रेसवर की चढावर? रेस सोडल्यावर काय होते? अर्धे निदान या उत्तरांत असते.

मोठा ब्लॉक-पिस्टन बसवला असेल, थंड असताना खडखड येत असेल आणि इंजिन तापल्यावर ती कमी होत असेल, तर पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आहे. फोर्ज केलेल्या पिस्टनला साध्या पिस्टनपेक्षा जास्त सैलपणा ठेवावा लागतो, कारण तो तापल्यावर अधिक फुगतो. तेव्हा थंडपणी थोडा आवाज हा दोष नसतो, आणि हे गिऱ्हाइकाला काम घेतानाच सांगितले पाहिजे. पण साध्या पिस्टनचा असा आवाज येत असेल, किंवा तापल्यावरही तो जात नसेल, तर बोअर जास्त मारला गेला आहे. पिस्टन-सिलिंडरमधले अंतर शतांश मिलिमीटरमध्ये मोजायचे असते. ते मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजावे, बोटाच्या अंदाजाने नव्हे.

चढावर, वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज येत असेल, तर ते नॉकिंग आहे. कॉम्प्रेशन वाढले, टायमिंग पुढे गेले किंवा मिश्रण पातळ झाले की पेट्रोल नीट जळण्याऐवजी अवेळी भडकते. हा आवाज सर्वांत महागडा, कारण तो पिस्टनला भोक पाडू शकतो. इथे टॅपेटला हात लावून काही मिळत नाही. टायमिंग मागे घ्यावे, जेट मोठा करावा, गरज असल्यास जास्त ऑक्टेनचे पेट्रोल वापरायला सांगावे. आज पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आणखी पातळ होते. त्यात मोकळा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावून जुनाच जेट ठेवला तर दुखणे आपणच बोलावतो. प्लग काढून पाहावा. तो पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ आहे, हे त्याने सांगून टाकलेच.

कॅम बदलला असेल तर त्याच्याबरोबर आलेला कागद फेकू नये. नव्या कॅमचे टॅपेटचे माप कंपनीच्या मापापेक्षा वेगळे असू शकते. कॅमची उचल वाढली आणि स्प्रिंग जुन्याच राहिल्या, तर जास्त वेगात व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो आणि पिस्टनला लागू शकतो. बसवतानाच पिस्टनवर मऊ क्ले ठेवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून, क्लेची उरलेली जाडी पाहावी. यूसीई इंजिनाच्या बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट असतात. त्यांना कसायचे नसते. काम केल्यानंतर ऑइल भरेपर्यंत ते थोडा वेळ वाजतात, म्हणून घाईने पुन्हा उघडू नये.

टायमिंग चेनची खळखळ बहुधा एका बाजूने, रिकाम्या रेसवर किंवा रेस सोडताना येते. हेड घासले किंवा पॅकिंगची जाडी बदलली की चेनचा ताण बदलतो, हे लक्षात ठेवावे. आणि खालून, क्रँककेसमधून, जड ठोका येत असेल आणि इंजिनावर जोर पडल्यावर तो वाढत असेल, तर गाडी लगेच बंद करावी. तो रॉडचा असू शकतो. इथे मात्र इंजिन उघडावेच लागते.

"तपासाचे पैसे कोण देतो?"

यावर अनेक बांधव म्हणतील की, गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते, ऐकण्याचे देत नाही. ही तक्रार खोटी नाही. पण त्याला आपणच जबाबदार आहोत. आपण तपास फुकट करतो आणि त्याचे पैसे नको त्या पार्टमधून काढतो. गिऱ्हाइकाला ते आज कळत नसले तरी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेल्यावर कळते. डॉक्टर तपासणीची फी घेतात, मग कारागिराने का घेऊ नये? फी आधी सांगावी, पुढचे काम आपल्याकडेच झाले तर ती बिलातून वजा करावी, आणि काय आढळले ते दोन ओळींत लिहून द्यावे.

तसेच एका वेळी एकच बदल करावा. चार पार्ट एकाच दिवशी लावले की आवाज कुणाचा, हे शोधणे चौपट अवघड होते. पार्ट लावण्याआधी गाडी गिऱ्हाइकासमोर सुरू करून मोबाइलवर आवाज टिपून ठेवावा. शंभर वादांपेक्षा ती एक मिनिटाची नोंद उपयोगी पडते.

नाही म्हणण्याचेही धैर्य

शेवटी कायद्याचा मुद्दा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीबाहेर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याची दृश्ये आपण पाहिलीच आहेत. दंड मालकाला होतो, पण "कुठे बसवला?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या गॅरेजचे नाव असते. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी असे काम मागणाऱ्याला हे आधी सांगावे, आणि जे बसवू नये ते बसवू नये. त्या दिवसाची कमाई बुडेल. पण गाडी बंद पडली की पहिली आठवण आपली येईल.

गिऱ्हाईक आपल्या ताब्यात गाडी देते तेव्हा ती अमानत असते. शागिर्दाला पाना धरायला आपण पहिल्या दिवशी शिकवतो. त्याआधी पाच मिनिटे शांत उभे राहून ऐकायला शिकवले, तर आपल्या पुढच्या पिढीचे गॅरेज आपल्यापेक्षा मोठे होईल.