धर्मानंद कोसंबी आणि आपल्या घरातील पाली



आपल्या घरी सायंकाळी त्रिसरण-पंचशील म्हटले जाते. लहान मुलेही ते तोंडपाठ म्हणतात. परंतु त्यातील एका तरी शब्दाचा अर्थ मुलाने विचारला, तर घरातील किती वडीलधाऱ्यांना तो सांगता येईल? ज्या वर्गाने पिढ्यान्‌पिढ्या न समजणारे मंत्र दुरून ऐकले, त्यानेच आता न समजणारी गाथा म्हणत राहावी, हे आपणांस मानवते काय?

या प्रश्नाच्या निमित्ताने एका पंडिताचे चरित्र आपणांपुढे ठेवतो. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते; नारळीच्या बागा सांभाळता सांभाळता ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या चरित्राने त्यांना झपाटले. १८९९ मध्ये पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते विद्येच्या शोधार्थ निघाले. (बाळाबाईंनी जे सोसले त्याची नोंद कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाही, हेही ध्यानात असू द्या.) काशीस अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. तेथून नेपाळ, पुढे सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी १९०२ साली ते श्रामणेर झाले व पाली शिकले. नंतर ब्रह्मदेशही पाहिला.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. काशीचे ते अन्नछत्र आणि ते संस्कृतचे पाठ कोसंबींना मिळाले ते ब्राह्मण म्हणून. बाबासाहेबांना मात्र शाळेत संस्कृत नाकारले गेले व फारसी घ्यावी लागली. दोघांची ज्ञानतृष्णा सारखीच तीव्र होती, परंतु एकासाठी दार उघडे होते आणि दुसऱ्याच्या तोंडावर ते लावले गेले. म्हणून कोसंबींचे कष्ट लहान ठरत नाहीत. पण त्या काळी अशा कष्टांचे फळ कोणाला मिळू शकत होते, हे त्यावरून कळते.

मिळालेल्या विद्येचे त्यांनी काय केले, यावरच त्यांची परीक्षा व्हावी. कलकत्त्यास दरमहा २५० रुपये मिळण्याजोगे असताना त्यांनी ते सोडले आणि सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले. कारण त्यात महाराष्ट्रात राहून मराठीत ग्रंथ लिहिता येणार होते. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक १९१० चे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि पु. वि. बापटांसारखे विद्वान शिष्य तयार केले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी ते वारंवार गेले. संपादक म्हणून नाव कोणाचे यावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी वाद झाला, तेव्हा १९१२ च्या आरंभी ते सरळ परत आले. त्या ग्रंथाची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस निघाली. हार्वर्डची निघाली १९५० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. परळच्या कामगार वस्तीत उभारलेल्या बहुजन विहारात ते काही काळ राहिले, हेही आपल्या लोकांनी विसरू नये.

कोणी म्हणेल, मराठीत पुस्तके झाली, मग पालीचे कष्ट कशाला? एक उदाहरण घ्या. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा आपण आजही मुलांना सांगतो. ‘भगवान बुद्ध’ (१९४०) या ग्रंथात कोसंबींनी दाखविले की, दीघनिकायातील महापदानसुत्तात ही कथा विपस्सी बुद्धाची म्हणून येते. गौतमाच्या चरित्राला ती मागाहून चिकटविली गेली. गृहत्यागाचे कारण त्यांनी सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तावरून आपसातील कलहात शोधले. पुढे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी तोच प्रश्न आपल्या प्रखर बुद्धीने विचारला: एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारपण व मरण ठाऊक नव्हते काय? त्यांनी शाक्य-कोलीयांच्या पाणीतंट्याची हकिकत विस्ताराने मांडली. मूळ ग्रंथ उघडता आला तरच अशी भेसळ उघडी पडते. बाबासाहेब स्वतः पालीचे व्याकरण व कोश सिद्ध करण्यासाठी झटले. ते लेखन शासनाने १९९८ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापले आहे.

‘ब्राह्मणाचे पुस्तक आमच्या घरात नको’ असेही काही तरुण म्हणतात. त्यांचा संताप मी समजू शकतो, पण त्यांचे म्हणणे मान्य करीत नाही. वाचा, तपासा, चुकले असेल तेथे खोडून काढा. परंतु खोडण्यासाठीही पाली यावी लागेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, पेढे वाटले. पण वर्गात विद्यार्थी नसतील तर त्या दर्जाचे करायचे काय? महाराष्ट्रात शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांना पाली घेता येते. येत्या जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरताना भाषेच्या रकान्यापाशी क्षणभर थांबा. तेथे पाली नसेल तर वस्तीतील दहा पालकांच्या सह्या घेऊन मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी द्या, आणि त्या अर्जाची पोच मागून घ्या.