रेघ कोणीं ओढावी?

माल जितका अधिक तितकें भाडें अधिक, आणि जहाज बुडालेंच तर विम्याचा पैसा आहेच. मग खलाशाच्या जिवाची चिंता कोणीं करावी? एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील कित्येक जहाजमालकांचा हिशेब हाच होता. सॅम्युएल प्लिम्सॉल ह्यांनीं त्याविरुद्ध पार्लमेंटांत रान उठविलें, आणि 1876 सालीं जहाजाच्या कुशीवर भाराची रेघ असलीच पाहिजे असा कायदा झाला. पण रेघ कोठें ओढावी हें ठरविणें मालकाकडेच राहिलें! ती सरकारनें ठरवावी असा कायदा होण्यास 1890 साल उजाडावें लागलें.

हा इतिहास आम्हांस परका नाहीं. रत्नागिरीकडील आमचे खलाशी इंग्रजी आगबोटींवर राबत. गोऱ्या खलाशाहून त्यांस पगार कमी, आणि निजावयास जागाही कमी.

2006 सालीं जिनिव्हा येथें खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या देशानें तो 2015 सालीं मान्य केला. मालकानें वाऱ्यावर सोडलेल्या खलाशास चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व घरचा प्रवासखर्च मिळण्याची हमी 2017 पासून त्यांत आहे. तथापि मालक आजही सोयीच्या देशाचें निशाण जहाजावर लावून आपणांस कोणता कायदा लागू व्हावा हें स्वतःच निवडतो. म्हणजे रेघ पुन्हा त्याच्याच हातीं!

यास्तव परकी निशाणाच्या जहाजांचीही तपासणी आमच्या बंदरांत कसून व्हावी, आणि जहाज ठरवितांना आमच्या व्यापाऱ्यांनीं भाड्याबरोबर खलाशांचा पगार चुकता आहे काय, हेंही विचारावें.