भाड्याचे घर आणि वहीतील नोंद



दुकानासाठी गाळा भाड्याने घ्यावयाचा असला, की आपल्या घरांतून केवढा विचार होतो! रस्त्याची वर्दळ, मालाची चढउतार, शेजारची दुकाने, चौरस फुटास पडणारा दर, कराराची मुदत, हे सारे तपासल्याखेरीज वडीलधारी माणसे होकार देत नाहीत. परंतु तोच मुलगा नोकरीसाठी किंवा पेढीची नवी शाखा सांभाळण्यासाठी सपत्नीक परगावी निघाला, की राहण्याचे घर मात्र कोणाच्या तरी ओळखीने, एका फोनवर ठरते. नव्या संसाराचे स्वास्थ्य ज्यावर अवलंबून, त्या घराला गाळ्याइतकाही हिशेब मिळू नये, हे योग्य नव्हे.

उदाहरणादाखल सांगली घेऊ. हळद, गूळ व बेदाण्याच्या बाजारपेठेमुळे येथे बाहेरगावची कुटुंबे सतत येत असतात. दोन माणसांना पुरेल असा लहानसा फ्लॅट आणि बेताचे भाडे, एवढीच त्यांची अपेक्षा. शोध बहुधा जुन्या गावात सुरू होतो. कारण बाजार व मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर हवे असते. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या घराला तर हे अंतर विशेष महत्त्वाचे. अशा वेळी एखाद्या तळमजल्याचे भाडे कमी सांगितले गेले, की मन तिकडे ओढ घेते.

येथेच थांबावे. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते. म्हणून पहिला प्रश्न भाड्याचा नव्हे, तर ‘2019 साली येथे पाणी कोठवर आले होते?’ हा असावा. तो घरमालकाबरोबरच शेजारच्या किराणा दुकानदारालाही विचारावा. विश्रामबागेकडे भाडे अधिक पडले, तरी पावसाळ्यात बिछाने व धान्याचे डबे उचलून धावण्याची वेळ येणार नसेल, तर त्या फरकाची किंमत कळते. मात्र हिशेब दोन्ही बाजूंनी करावा. समजा, लांबच्या वसाहतीत दीड हजार रुपये भाडे वाचले, पण जाण्यायेण्यास रोज साठ रुपये लागले. तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत ती बचत तेथेच संपली.

दुसरी गोष्ट विजेच्या मीटरची. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी व पुढील टप्प्याचा बराच अधिक असतो. एका मीटरवर दोन बिऱ्हाडे असली, की दोघांचे युनिट एकत्र मोजले जाऊन वरच्या टप्प्यात जातात आणि काटकसरीने राहणाऱ्यालाही महाग वीज पडते. म्हणून स्वतंत्र मीटर आहे का, हे पाहावे. पाणी किती वेळ येते, सोसायटीचा देखभाल खर्च कोणी द्यावयाचा, हेही आधीच विचारावे. भाडे अधिक हे सर्व खर्च, अशी बेरीज करूनच दोन घरांची तुलना करावी.

आता कराराविषयी. ‘आपलीच माणसे आहेत, लिखापढी कशाला?’ हे वाक्य आपल्या समाजात आपुलकीने उच्चारले जाते. परंतु पेढीवर सख्ख्या भावाच्या खात्यातील रक्कमही वहीत लिहिली जातेच. त्याने भावाचा अपमान होत नाही. उलट पुढे मन कलुषित होण्याचे टळते. घराच्या व्यवहारासही हाच न्याय लागू आहे.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अटींबाबत वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. केवळ नोटरीपुढे केलेला कागद येथे पुरेसा नाही. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामतीवरील वार्षिक 10 टक्के व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये. लहान घरासाठी एवढ्या खर्चात दोन्ही पक्षांची झोप निश्चिंत होते.

व्यापारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घर भागीदारी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावे घेतले आणि ती जीएसटीखाली नोंदणीकृत असेल, तर 18 जुलै 2022 पासून निवासी भाड्यावरही 18 टक्के कर पेढीलाच भरावा लागतो. एकल मालकीच्या व्यवसायाचा मालक स्वतःच्या राहण्यासाठी, वैयक्तिक नावाने व वैयक्तिक खर्चाने घर घेत असेल, तर हा कर लागत नाही. भाडे पेढीच्या खात्यातून द्यावयाचे, की मुलाच्या वैयक्तिक खात्यातून, हे करार करण्यापूर्वी आपल्या करसल्लागाराशी बोलून ठरवावे.

शेवटी, आपल्यापैकी जे घरमालक आहेत त्यांच्यासाठी चार शब्द. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे सुचविले आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो बंधनकारक होत नाही. पण नुकताच पायावर उभा राहू पाहणाऱ्या तरुणाकडून सहा महिन्यांचे भाडे अडकवून ठेवण्यापूर्वी ही मर्यादा आठवावी. शाकाहाराची किंवा अन्य कोणती अपेक्षा असेल, तर ती पहिल्याच भेटीत सौम्यपणे सांगावी. टोकन घेतल्यानंतर सांगू नये. घर देताना पंखे, नळ, भिंती यांची छायाचित्रे दोघांनी मिळून काढावीत आणि यादीवर सह्या कराव्यात. घर सोडतेवेळी त्याच यादीप्रमाणे हिशेब करून, उरलेली अनामत किल्ली हाती येताच परत द्यावी. उद्या आपलाही मुलगा कोणाच्या तरी गावी भाडेकरू म्हणून जाणारच आहे.