अभ्यासिकेबाहेरचं वर्ष

पुण्यातल्या सदाशिव पेठेत अभ्यासिका भल्या सकाळीच भरतात. प्लायवूडच्या फळ्यांमधली दोन हातांची जागा, समोर चिकटवलेला भारताचा नकाशा, पायाशी मेसचा डबा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी ही मुलं कष्टाला कमी पडत नाहीत. कमी पडतात त्या सरकारी नोकरीच्या जागा.

तरी पदवीनंतरची चार-पाच वर्षं एकाच परीक्षेवर लागतात. मग खासगी मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो: अनुभव काय?

तो अनुभव शिकाऊ उमेदवारीतून मिळू शकतो. ती फक्त आयटीआयवाल्यांसाठी, हा समज आता तरी जावा. शिकाऊ उमेदवारीच्या १९६१च्या कायद्यात २०१४मध्ये दुरुस्ती झाली आणि बीए, बीकॉमवाल्यांनाही दार उघडलं. २०१९च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवलं. राज्याच्या २०२४च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ते १०,००० होतं. पुण्यात खोलीभाडं आणि मेस भागवून त्यातलं फारसं उरत नाही, हे खरंच. पण जीएसटीचं विवरणपत्र स्वतः भरलेली, चिडलेल्या ग्राहकाशी फोनवर बोललेली मुलगी मुलाखतीत अडखळत नाही. शिवाय परीक्षेचा अभ्यास संध्याकाळी सुरू ठेवता येतोच.

महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याची शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून घ्यावी, तीही निकालाच्या आधी.